मिऱ्याचे जहाज आणि न दिसलेली दापोली

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळात भरकटलेले ‘बसरा स्टार’ हे जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्यावर येऊन आदळले. जहाजावरील १३ खलाशी वाचले. उसळत्या लाटांतले ते हेलकावणारे धूड वाहिन्यांवर झळकले आणि रत्नागिरीतले वादळ म्हणजे हेच दृश्य, असा अनेकांचा समज झाला.

वादळ मात्र त्याच दुपारी अलिबागच्या दक्षिणेस धडकले होते. जिल्ह्यात खरा तडाखा बसला तो उत्तर टोकाला, दापोली-मंडणगडला. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, मोबाईलचे मनोरे मुके झाले. चित्रे पाठवायची तरी कशी? शिवाय पोफळ लावल्यापासून फळाला येईपर्यंत काही वर्षे जातात. ते नुकसान एका दृश्यात मावणारे नव्हतेच.

हे कोकणापुरते नाही. २६ मार्च २०२४ रोजी बाल्टिमोरमध्ये ‘डाली’ जहाज पुलाच्या खांबावर आदळले. कोसळणारा पूल जगाने पुन्हा पुन्हा पाहिला. रात्रपाळीत खड्डे बुजवायला आलेले, त्यात मृत्युमुखी पडलेले सहा कामगार त्या दृश्यात ओळखूही येत नाहीत.

निसर्ग वादळाच्या अभ्यासकाला मिऱ्याची चित्रफीत सहज सापडेल. केळशी-आंजर्ल्यासाठी त्याला तलाठ्यांचे पंचनामे चाळावे लागतील.