कडुनिंबाचे फारसी नाव

परभणी जिल्ह्यातील पेडगावचे नाव ऐकताच हिंदी ‘पेड’ आठवावे आणि हे झाडांचेच गाव असावे असे वाटावे, हे स्वाभाविक आहे. परंतु नावांच्या बाबतीत कानावर फार विसंबू नये. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांचा इतिहास चाळताना आम्हांला याचा वारंवार प्रत्यय आला.

साऱ्या मराठवाड्याप्रमाणे तेथेही परिचित असलेला कडुनिंबच घ्या. शास्त्रात तो ‘अझाडिरॅक्टा इंडिका’. लॅटिनचा साज उतरविला की आत फारसी ‘आझाद दिरख्त’ सापडतो. म्हणजे मुक्त किंवा थोर वृक्ष. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, म्हणून हे नाव तेथूनच गेले असावे असा तर्क कोणी करील. तसे नाही. ते फार पूर्वीच युरोपात पोहोचले होते, आणि तेही मुळात निंबाचा चुलतभाऊ जो बकाणनिंब, त्याचे म्हणून! १७५३ मध्ये लिनियसने दोघांना ‘मेलिया’ या एकाच घराण्यात बसविले व त्या एका फारसी नावाची दोन रूपे दोघांना वाटून दिली. पुढे १८३० मध्ये जुस्यू यांनी कडुनिंबाला वेगळे बिऱ्हाड करून दिले.

चिंचेची कथा याहून गमतीची. अरबांनी तिला ‘तमर हिंदी’, हिंदचा खजूर, म्हटले. त्यावरून ‘टॅमॅरिंडस इंडिका’. ती खजूर तर नव्हेच, शिवाय तिचे माहेर आफ्रिकेत! पण अर्थ चुकला एवढ्यावरून रूढ नाव बदलता येत नाही, असा या शास्त्राचा दंडक आहे. पळसालाही म्हणूनच भारतात कधी न आलेल्या ब्यूटच्या अर्लचे नाव, ‘ब्यूटिया’, वागवावे लागते.

आपल्या दफनभूमीतील चाफा मात्र एका व्रतस्थाची आठवण जपतो. ‘प्लुमेरिया’ हे नाव मिनिम संघाचे फ्रेंच संन्यासी शार्ल प्लुमिए यांच्यावरून आले. वनस्पतींच्या शोधात ते तीनदा वेस्ट इंडीजला गेले. चौथ्या सफरीच्या तयारीत असता १७०४ मध्ये स्पेनमध्ये निवर्तले.

हा मान सर्वांच्या वाट्याला आला नाही, याची खंत वाटते. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ मध्ये निघाला. त्यास कार्मेलाइट धर्मगुरू फादर मॅथ्यू यांचे साहाय्य होते. रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी वैद्यांनी झाडांची नावे व गुण सांगितले. ग्रंथकर्ते डच अधिकारी व्हान रीड यांच्या नावे लिनियसने ‘ऱ्हीडिया’ केली. त्या तिघा वैद्यांचे नाव त्याने एकाही झाडाला दिले नाही. त्यांची कोकणीतील साक्ष तेवढी पहिल्या खंडाच्या आरंभी नागरी अक्षरांत छापलेली आहे.