जगावेगळेपणाचा हिशेब

आपला देश जगावेगळा, जगाला वाट दाखवण्याचे काम आपलेच, ही भावना बऱ्याच राष्ट्रांना कधी ना कधी होते. अमेरिकेत १८४५ च्या सुमारास तिच्याच नावाने पश्चिमेकडचा मुलूख घेण्याचे समर्थन झाले. आपल्याकडे ती सौम्य रूपात आली. अशोकाचे चक्र ध्वजावर, गांधीजींचा लढा ताजा. तेव्हा भारत गटातटाच्या राजकारणात न पडता नैतिक बळावर बोलेल, असे पंडित नेहरूंना मनापासून वाटे. ते सगळेच वाया गेले असे नाही. १९५३ मध्ये कोरियातल्या युद्धकैद्यांचा गुंता सोडवणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्यांकडे आले, ही पत काही थोडी नव्हती.

पण बाबासाहेबांनी हिशेब मागितला. त्यांचा राजीनामा म्हटला की आपल्याला हिंदू कोड बिल आठवते. परराष्ट्र धोरण हेही त्यातले एक कारण होते, हे आपल्यापैकी किती जण सांगतील? ते निवेदन सभागृहात वाचता आले नाही म्हणून १० ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांनी ते बाहेर प्रसिद्धीस दिले. त्यात आकडेच आहेत: वर्षाचा महसूल ३५० कोटी, त्यातले सुमारे १८० कोटी लष्करावर. का? तर चार वर्षांत आपल्याला मित्रच उरला नाही, संरक्षणाचा सगळा भार एकट्याने उचलायचा. राजकारण म्हणजे जे शक्य आहे ते साधणे, हे बिस्मार्कचे मत त्यांनी तिथेच पुढे ठेवले.

पुढे २९ एप्रिल १९५४ रोजी तिबेटच्या व्यापाराबाबत चीनशी करार झाला. त्याच्या पाच तत्त्वांना नाव मिळाले पंचशील! आपण विहारात घेतो तोच शब्द. २६ ऑगस्टला राज्यसभेत बाबासाहेब म्हणाले ते असे, की माओंची पंचशीलावर श्रद्धा असती तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपणच त्यांची सरहद्द आपल्या दाराशी आणली, हेही त्यांनी सांगितले.

१९५६ साली बाबासाहेब गेले. कराराची मुदत आठ वर्षांची होती, ती जून १९६२ मध्ये संपली. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, आणि १९ नोव्हेंबरला नेहरूंनी अमेरिकेच्या अध्यक्षांकडे लढाऊ विमाने मागणारे पत्र लिहिले.