डेंकालीचा वेताळ, धुळे पॅसेंजरमध्ये

धुळ्याच्या माणसाला रेल्वेने मुंबई गाठायची तर चाळीसगावला उतरून गाडी बदलणं ठरलेलंच होतं. १९०० साली सुरू झालेला सुमारे ५६ किलोमीटरचा धुळे फाटा इथेच मुख्य मार्गाला मिळतो. गाडी बदलायची म्हणजे थांबणं आलं, आणि थांबणं आलं की पोरांचे पाय पुस्तकांच्या स्टॉलकडे वळणार. परतीच्या पॅसेंजरमध्ये जामदा-राजमाने येईस्तोवर एक आख्खं कॉमिक वाचून संपायचं. मग तेच पुन्हा पहिल्या पानापासून.

हा नाद मार्च १९६४ पासूनचा. ‘टाइम्स ऑफ इंडिया’वाल्या बेनेट कोलमन कंपनीने तेव्हा ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं आणि सुरुवातीचे अंक ली फॉकच्या फँटमला दिले. हा गडी तसा जुना. अमेरिकी वर्तमानपत्रांत तो फेब्रुवारी १९३६ मध्येच अवतरला होता, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. अंगाला चिकटलेला पोशाख आणि डोळ्यांवर मुखवटा, हा पुढच्या सगळ्या सुपरहिरोंचा गणवेश आधी त्याने घातला. ‘इलस्ट्रेटेड वीकली’तून तो इंग्रजी वाचणाऱ्या घरांत कधीच पोचला होता. इंद्रजालने त्याला मराठी बोलायला लावलं आणि नाव दिलं वेताळ.

नाव देणाऱ्याला दाद द्यायला हवी. खानदेशातल्या पोराला वेताळ कोण हे सांगावं लागत नव्हतं. गावाच्या वेशीवरचा शेंदूर फासलेला दगड आणि अमावास्येच्या रात्री निघणारी पालखी त्याने घरी ऐकलेली असे. त्यामुळे चारशे वर्षं न मरणारा, कवटीच्या आकाराच्या गुहेत राहणारा राखणदार त्याला परका वाटलाच नाही. बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि जगाला वाटतं की हा अमरच आहे, ही मूळ गोष्टीतली मेख तर आपल्याकडच्या कुठल्याही भगताला पटेल अशी.

बाकीच्या नावांना मात्र कात्री लागली. मूळ कथेतला ‘बंगाला’ देश इथे डेंकाली झाला, कारण बंगालशी गल्लत नको. वेताळाच्या बापाचा खुनी ‘रामा’ होता, त्याचा ‘रामालू’ केला. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. कुणाच्या भावना कुठे दुखतील याचा हिशोब तेव्हाही होत होता, फक्त त्याचा गाजावाजा नव्हता.

पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आले. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी ‘बहादूर’ लिहिला आणि गोविंद ब्राह्मणियांनी तो काढला. डाकूचा मुलगा, अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. चंबळच्या वाटेवरचा हा नायक आपल्या मातीतला म्हणून गाजला. वाचणाऱ्यांत मात्र वेताळाचा पक्ष कायम मोठाच राहिला असावा.

मराठी नियतकालिकांनी नाटक, कादंबरी, कवितासंग्रह, सगळ्यांची परीक्षणं छापली. कॉमिकच्या वाट्याला फार तर ‘पोरांना बिघडवणारं’ हा शेरा आला. खरं परीक्षण व्हायचं ते भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानात. कोपरे दुमडलेला, शिवण उसवलेला अंक म्हणजे चांगला, आणि कोरा करकरीत राहिला तो पडेल. ‘भारी शे’ (भारी आहे) एवढ्या दोन अहिराणी शब्दांवर पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे ठरत. समीक्षा म्हणून ही पद्धत वाईट नव्हती.

१९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. तोवर दिल्लीच्या राज कॉमिक्सचा ‘नागराज’ आला होता, तो हिंदीत. सिनेमामुळे कान तयार असलेल्या खानदेशी पोरांना हिंदी अडलं नाही. गंमत अशी की हा हिंदी नागराज सुरुवातीची वर्षं प्रताप मुळीक या मराठी चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरत होता. ‘अमर चित्रकथे’चे कित्येक अंक त्यांचेच, आणि अमिताभ बच्चनला ‘सुप्रिमो’ नावाचा सुपरहिरो करणारी चित्रंही त्यांचीच. पुढे नागराज काढणाऱ्यांत संजय अष्टपुत्रे, मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे ही नावं दिसतात. हात मराठी, फुग्यातले शब्द हिंदी. असा नायक मराठीत घडवायला कुणी पैसा घातला नाही, हा प्रकाशकांचा करंटेपणाच म्हणायचा.

आता मराठी इंद्रजाल सापडलं तर रद्दीत, नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेत. चाळीसगाव-धुळ्याकडे कुणाच्या घरी असा गठ्ठा निघाला, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी प्रत्येक अंकाचा क्रमांक तेवढा वहीत उतरवून ठेवावा.