माटमार्क, ३० ऑगस्ट १९६५ : एका रम्य वाटेखालचा इतिहास

१/
स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात, सास खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला, समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचीवर माटमार्क नावाचा जलाशय आहे. उन्हाळ्यात बस थेट धरणापर्यंत जाते. तेथून जलाशयाभोवती साधारण आठ किलोमीटरांची प्रदक्षिणा अडीच-तीन तासांत पूर्ण होते. चढउतार बेताचेच, लहान मुलांसह कुटुंबे सहज फिरतात. धरणाजवळच एक स्मारक आहे. १९६५ च्या ऑगस्टमध्ये याच जागी ८८ माणसे बर्फाखाली गाडली गेली. ती कोण होती, तेथे का होती आणि त्यांच्या मृत्यूचे उत्तरदायित्व कोणावर निश्चित झाले, हे समजून घेण्यासाठी हा धागा.

२/
प्रथम वाटेविषयी. जलाशयाच्या दक्षिण टोकाकडून एक पायवाट मोंटे मोरो खिंडीकडे चढते. ही खिंड २८०० मीटरांहून उंच असून तिच्यापलीकडे इटलीतील माकुन्यागा हे गाव आहे. तेराव्या शतकात व्हाले प्रांतातील जर्मनभाषक लोक, ज्यांना वाल्सर म्हणतात, अशाच खिंडी ओलांडून दक्षिणेकडील उंच खोऱ्यांत वस्तीस गेले. पुढे शतकानुशतके या वाटेने माणसे, जनावरे आणि माल यांची ये-जा चालू राहिली. खेचरांसाठी बसविलेल्या दगडी फरशा काही ठिकाणी आजही दिसतात. डोंगराच्या दोन्ही अंगांचे लोक एकमेकांना परके नव्हते, हे येथे ध्यानात ठेवावे.

३/
धरण होण्यापूर्वीही येथे तळे होते आणि ते बर्फाने बांधलेले होते. पश्चिमेच्या उतारावरून उतरणारी अलालिन हिमनदी थंडीच्या शतकांत इतकी पुढे सरके की तिचे टोक दरी ओलांडून समोरच्या कड्याला टेके. मग खोऱ्यातील नदीचे पाणी मागे तुंबे. मात्र बर्फाचा बांध कायमचा नसतो. पाणी त्याच्या खालून वाट कोरते आणि एके दिवशी सारा साठा एकदम सुटतो. १६३३ आणि १६८० या वर्षांच्या महापुरांनी खालच्या गावांची अपरिमित हानी केली. साधारण सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या ज्या कालखंडाला इतिहासकार ‘लघु हिमयुग’ म्हणतात, त्याचे हे स्थानिक रूप होते. अलालिन हा शांत शेजारी नव्हे, ही गोष्ट सास खोऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती.

४/
विसाव्या शतकात हिमनदी मागे हटली आणि त्याच जागी माणसाने बांध घालायचे ठरविले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडमध्ये विजेची मागणी झपाट्याने वाढत होती. देशात कोळसा जवळजवळ नाही, परंतु उंच पर्वत आणि वितळणारे बर्फ विपुल. उन्हाळ्यात वितळलेले पाणी साठवून ते हिवाळ्यात वीजनिर्मितीसाठी सोडायचे, हे त्यामागचे गणित. व्हालेमध्येच २८५ मीटर उंचीचे ग्रांद दिक्सांस हे काँक्रीटचे धरण १९६१ मध्ये पूर्ण झाले होते.

५/
माटमार्कच्या धरणाचे काम १९६० मध्ये सुरू झाले. येथील दरीच्या तळाशी हिमनदीने आणि नदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा जाड थर आहे. अशा सैल पायावर काँक्रीटची ताठ भिंत टिकत नाही. पाया किंचित दबला तरी सामावून घेईल असा मातीचा भराव लागतो. म्हणून सुमारे १२० मीटर उंच आणि ७८० मीटर लांब असे मातीचे धरण रचण्यात आले. त्यासाठी परिसरातील हिमनद्यांनी मागे टाकलेला दगडमातीचा गाळच मोठ्या प्रमाणावर वापरला गेला.

६/
हे काम करणारे बहुसंख्य हात परदेशी होते. त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये सुमारे पाच लाख इटालियन राहत होते आणि त्यांतील अनेकांजवळ केवळ हंगामी परवाना असे. या परवान्यावर वर्षातून जास्तीत जास्त नऊ महिने काम करता येई, कुटुंब सोबत आणता येत नसे आणि मनाजोगे काम बदलण्याचीही मुभा नसे. काही आईबाप मुलांना चोरून आणत आणि शेजाऱ्यांना चाहूल लागू नये म्हणून दिवसभर घरात कोंडून ठेवीत. पुढचा परवाना मालकाच्या मर्जीवर अवलंबून असल्यामुळे कामाच्या जागेविषयी तक्रार करणे सोपे नव्हते.

७/
बांधकामाच्या बराकी, कार्यशाळा आणि कँटीन धरणाजवळ उभारले होते, आणि ते नेमके अलालिन हिमनदीच्या टोकाखाली. आधीच्या काळातही बर्फाचे तुकडे कोसळत होते, असे बचावलेल्या काही कामगारांनी पुढे सांगितले. काम थांबले नाही.

८/
३० ऑगस्ट १९६५, सोमवार. सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास हिमनदीचे टोक तुटले. सुमारे २० लाख घनमीटर बर्फ आणि दगडमाती काही क्षणांत खाली आली व बराकींवर पसरली. पळण्यास अवधीच मिळाला नाही. ८६ पुरुष आणि २ स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्यांत ५६ इटालियन, २३ स्विस, ४ स्पॅनिश, २ जर्मन, २ ऑस्ट्रियन आणि १ राष्ट्रीयत्वहीन व्यक्ती होती. बर्फाच्या त्या ढिगाऱ्यातून मृतदेह काढण्याचे काम पुढे कित्येक महिने चालले.

९/
मृतांपैकी १७ जण इटलीच्या बेल्लुनो प्रांतातील होते. दोनच वर्षांपूर्वी, ९ ऑक्टोबर १९६३ रोजी, याच प्रांताच्या सीमेलगत व्हायोंत धरणाच्या जलाशयात डोंगराची प्रचंड कड कोसळली होती. धरण उभेच राहिले, पण त्यावरून उसळलेल्या लाटेने लोंगारोने गाव पुसून टाकले आणि सुमारे दोन हजार माणसे मेली. एका धरणाने ज्या प्रांताची घरे नेली, त्याच प्रांताचे पुत्र पोट भरण्यासाठी दुसऱ्या धरणावर गेले होते.

१०/
हिमनदी तुटली का? विसाव्या शतकात मागे हटताना अलालिनचे टोक सपाट दरीतून वर सरकले आणि तीव्र उताराच्या खडकावर येऊन थांबले. खालून मिळणारा आधार गेला. उन्हाळ्याच्या शेवटी वितळलेले पाणी बर्फ आणि खडक यांच्या मधे शिरते, घर्षण कमी होते आणि सारा बर्फ नेहमीपेक्षा वेगाने घसरू लागतो. पुढील अभ्यासात असे दिसून आले की या हिमनदीला असे वेगाचे टप्पे अधूनमधून येतात. बहुतेक वेळा ती पुन्हा मंदावते. १९६५ मध्ये ती मंदावली नाही.

११/
न्यायालयीन चौकशी साडेसहा वर्षे रेंगाळली. अखेर फेब्रुवारी १९७२ मध्ये फिस्प येथील न्यायालयात १७ जणांवर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा खटला उभा राहिला. आरोपींत अभियंते, संचालक आणि अपघात विमा संस्थेचे अधिकारी होते. सरकारपक्षाने मागितलेली शिक्षा केवळ दंडाची होती. सर्व १७ जण निर्दोष सुटले. ही आपत्ती आधी ओळखता येण्याजोगी नव्हती, हा निकालाचा गाभा.

१२/
मृतांच्या नातेवाइकांनी वरच्या न्यायालयात दाद मागितली. त्याच वर्षी सिओन येथे तो निकाल कायम झाला आणि खटल्याचा निम्मा खर्च नातेवाइकांनीच भरावा, असा आदेश निघाला. ज्यांनी पती, पिता वा भाऊ गमावला त्यांच्याच हाती खर्चाचे देयक आले. या आदेशाने इटलीत आणि स्वित्झर्लंडमध्येही मोठा संताप उसळला.

१३/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. पहिला : हिमनदी अमुक दिवशी तुटेल, हे १९६५ च्या विज्ञानाला सांगता आले असते काय? बहुधा नाही. सतराव्या शतकातील पूर आणि विसाव्या शतकातील हिमकोसळ या दोन निराळ्या घटना आहेत. एकीवरून दुसरीचे भाकीत करता येत नाही. दुसरा प्रश्न : माणसांच्या बराकी हिमनदीच्या टोकाखालीच असणे आवश्यक होते काय? धरणाची जागा दरी ठरविते. कँटीनची जागा माणूस ठरवितो. या दुसऱ्या प्रश्नाला भाकिताची गरज नाही, केवळ सावधगिरीची आहे. ‘अकल्पनीय’ हा शब्द पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि दुसऱ्याला झाकून टाकतो.

१४/
या काळाचे राजकारणही पाहावे. मृत्यूच्या बातमीने क्षणभर एकत्र आलेला देश स्थलांतरितांविषयी दुभंगलेलाच होता. ७ जून १९७० रोजी, म्हणजे खटला उभा राहण्यापूर्वीच, परदेशी लोकांचे प्रमाण दहा टक्क्यांवर आणावे या प्रस्तावावर स्वित्झर्लंडमध्ये सार्वमत झाले. श्वार्झेनबाख प्रस्ताव म्हणून तो ओळखला जातो. तो संमत झाला असता तर लाखो परदेशी लोकांना देश सोडावा लागला असता. ५४ टक्के मतदारांनी तो फेटाळला, म्हणजेच ४६ टक्क्यांनी त्याला पाठिंबा दिला. मतदान करणारे सर्व पुरुष होते. स्विस स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार मिळाला तो १९७१ मध्ये. हंगामी परवान्याची पद्धत रद्द होण्यास २००२ साल उजाडावे लागले.

१५/
धरण मात्र पूर्ण झाले. १९६७ पासून ते वापरात आहे आणि त्याच्या पाण्यावर झेर्माइगर्न व स्टाल्डन येथील वीजकेंद्रे चालतात. सुमारे १० कोटी घनमीटर पाणी त्यात मावते. जुनी कुरणे त्या पाण्याखाली गेली. सतराव्या शतकात खोऱ्याला धाक घालणारे तळे आता दरवाजे आणि बोगदे यांच्या हुकमात आहे.

१६/
जुलै २००० मध्ये अलालिनचे टोक पुन्हा तुटले. या वेळी सुमारे १० लाख घनमीटर बर्फ खाली आले. कोणालाही इजा झाली नाही, कारण खाली वस्ती नव्हती. १९६५ पेक्षा निम्मे बर्फ, तीच हिमनदी आणि शून्य मृत्यू, हा फरक बराकींच्या जागेचा आहे.

१७/
आज जलाशयाच्या वाटेवरून चालणाऱ्यास अलालिन बरीच वर, खडकांमध्ये आक्रसलेली दिसते. जगभरातील उंच पर्वतांत हिमनद्या अशाच मागे हटत आहेत आणि त्यांच्या खाली धरणे, रस्ते, कामगारांच्या वसाहती उभ्या राहत आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी मजुरांच्या बराकी कोठे उभारायच्या, याचा निर्णय कागदावर कोणीतरी घेतो. मोंटे मोरोच्या वाटेने पूर्वी इटलीची माणसे या खोऱ्यात पायी येत. १९६५ मध्ये आलेल्या ५६ जणांना त्या वाटेने परत जाता आले नाही.