दसऱ्याला कोल्हापूरकर जिची वाट बघतात, ती ‘मेबॅक’ गाडी नक्की आहे तरी काय?

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात पाय ठेवायला जागा नसते. भवानी मंडपातून अंबाबाई आणि तुळजाभवानीच्या पालख्या निघालेल्या असतात. लवाजमा असतो, बँड असतो, आपट्याची पानं असतात. आणि गर्दीतल्या अर्ध्या माना न्यू पॅलेसच्या दिशेला वळलेल्या असतात. थोड्या वेळात आवाज उठतो, “मेबॅक आली!”

लांबलचक बॉनेटची ती जुनी मोटर चौकात येते, छत्रपती घराण्यातली मंडळी उतरतात, शमीपूजन होतं, बंदुकीच्या फैरी झडतात आणि सोनं लुटलं जातं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलमध्ये पालखीइतकेच फोटो त्या गाडीचे असतात.

पण ही मेबॅक म्हणजे काय, ती कोल्हापुरात कुणाच्या काळात आली, संस्थान गेल्यावर ती कुणाची झाली आणि एवढी जुनी गाडी चालू ठेवायची म्हणजे काय करावं लागतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

विमानाच्या इंजिनातून जन्मलेली मोटर

मेबॅक हे एका बाप-लेकाचं आडनाव. बाप विल्हेल्म मेबॅक हा डाइमलर कंपनीचा डोक्यावर घेतलेला इंजिनिअर. १९०१ साली ‘मर्सिडीज’ या नावाने जी पहिली गाडी आली, तिची रचना त्याची होती. १९०७ मध्ये तो डाइमलरमधून बाहेर पडला आणि १९०९ मध्ये काउंट झेपेलिनच्या साथीने हवाई जहाजांसाठी इंजिनं बनवणारी कंपनी उभी राहिली. तिची सूत्रं मुलाकडे, म्हणजे कार्ल मेबॅककडे होती. कंपनी पुढे दक्षिण जर्मनीतल्या फ्रीडरिशहाफेन या गावी गेली.

मग पहिलं महायुद्ध झालं आणि जर्मनी हरली. व्हर्सायच्या तहाने जर्मनीत विमानाची इंजिनं बनवण्यावर बंदी आली. कारखाना आहे, कारागीर आहेत, पण माल बनवायचा नाही! कार्लने मोटारी बनवायचं ठरवलं. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात त्याची पहिली विक्रीची गाडी, डब्ल्यू ३, लोकांसमोर आली. चारही चाकांना ब्रेक असलेली ती पहिली जर्मन गाडी मानली जाते.

पुढे १२ सिलिंडरच्या गाड्या आल्या. त्यातल्या ‘झेपेलिन डीएस ८’ला ८ लिटरचं इंजिन होतं आणि ताकद २०० अश्वशक्ती. १९३५-३६ पासून त्यापेक्षा लहान, सहा सिलिंडरच्या एसडब्ल्यू मालिकेच्या गाड्या आल्या. १९४१ मध्ये मोटारींचं उत्पादन थांबलं, तोवर सगळ्या प्रकारच्या मिळून साधारण १,८०० मेबॅक बनल्या होत्या. म्हणजे वीस वर्षांत कंपनीने जितक्या गाड्या विकल्या, तितक्या आज एखादा मोठा कारखाना दिवसभरात बाहेर काढतो. त्यातल्या जगभरात टिकलेल्या गाड्या दीड-पावणेदोनशेच्या घरात असल्याचं सांगितलं जातं.

अजून एक गोष्ट. मेबॅक कंपनी बहुतेक वेळा पूर्ण गाडी विकतच नसे. आपल्याकडे ट्रकची चासी कंपनीतून येते आणि बॉडी दुसरीकडे बांधून घेतात ना, तसंच होतं ते. मेबॅक चासी आणि इंजिन द्यायची आणि गिऱ्हाईक आपल्या आवडीच्या कारागिराकडून वरची बॉडी बांधून घ्यायचं. जवळच्या रावेन्सबुर्ग गावातल्या हेरमान श्पोन यांच्या कारखान्यात अशा पुष्कळ बॉडी बांधल्या गेल्या. त्यामुळे एक मेबॅक दुसरीसारखी असेलच असं नाही. दुरुस्तीच्या वेळी हीच गोष्ट डोकेदुखी ठरते. ते पुढे येईलच.

कोल्हापूर आणि मोटार, नातं जुनं आहे

कोल्हापूरचा रस्ता मोटारींच्या इतिहासात मेबॅकच्या आधीच आला होता. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर आणि परत अशी मोटारींची कसोटी झाली. अंतर ६२० मैल, म्हणजे साधारण १,००० किलोमीटर, आणि मध्ये सह्याद्रीचे सहा घाट. त्या काळचे घाट! ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या रोल्स रॉइसने ही कसोटी न थांबता पार पाडली आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती गाडी विकत घेतली. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांमध्ये रोल्स रॉइसचं वेड पसरलं, त्यात या फेरीचा मोठा वाटा होता.

मेबॅक कोल्हापुरात आली ती राजाराम महाराजांच्या काळात, १९३० च्या दशकात. राजर्षी शाहूंचे हे चिरंजीव १९२२ मध्ये गादीवर आले. यंत्रं आणि नव्या गोष्टींची त्यांना ओढ होती. कोल्हापूर सिनेटोन त्यांच्याच आश्रयाने उभं राहिलं आणि कोल्हापूरचा विमानतळ १९३९ चा, तोही त्यांच्याच कारकिर्दीतला. ज्याच्या डोक्यात सिनेमा आणि विमान आहे, त्याला झेपेलिनची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीची मोटर आवडावी, यात नवल नाही.

मालक बदलले, गाडी तिथेच

राजाराम महाराज १९४० मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता. गादीवर दत्तक घेतलेले बालराजे शिवाजी आले, पण १९४६ मध्ये लहान वयातच त्यांचं निधन झालं. मग १९४७ मध्ये देवास (थोरली पाती) संस्थानचे राजे विक्रमसिंहराव पवार कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शहाजी महाराज झाले. ते शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई यांचे पुत्र, म्हणजे नात्याने राजाराम महाराजांचे भाचे. १९६२ मध्ये शहाजी महाराजांनी आताच्या शाहू महाराजांना दत्तक घेतलं. त्या दत्तकावरून कोल्हापुरात केवढं आंदोलन पेटलं होतं, हे जुन्या कोल्हापूरकरांना विचारा.

म्हणजे राजाराम महाराजांनंतर गादी तीनदा दत्तकाने पुढे गेली. आणि या सगळ्यात १ मार्च १९४९ ला खुद्द संस्थानच मुंबई राज्यात विलीन झालं.

जुन्या संस्थानी गाड्यांच्या मालकीतला सगळ्यात नाजूक सांधा हा आहे. विलीनीकरणाच्या वेळी प्रत्येक संस्थानिकाने आपल्या खासगी मालमत्तेची यादी सरकारला द्यायची होती. राजवाडा, शेती, दागिने, मोटारी. यादीत जे बसलं ते घराण्याचं, बाकीचं राज्याचं. जुन्या कुठल्याही संस्थानी गाडीचा इतिहास तपासताना म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारतात: १९४७-४९ च्या त्या कागदावर गाडी कोणत्या बाजूला होती?

दुसरा धक्का १९७१ चा. २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. एवढे वाडे, एवढे नोकर आणि लिटरला दोन-तीन किलोमीटर जाणाऱ्या मोटारी, हे सांभाळायचं कशातून? देशभरातल्या संस्थानिकांनी गाड्या विकल्या. काही मुंबईच्या व्यापाऱ्यांनी घेतल्या, काही सिनेमावाल्यांनी, काही भंगारात गेल्या आणि बऱ्याच जहाजात चढून युरोप-अमेरिकेला गेल्या. पुढे सरकारने १९५० पूर्वीच्या गाड्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. पण तोवर बरंच काही निसटलं होतं.

पतियाळाची मेबॅक कुठे गेली?

हे निसटणं समजून घ्यायला दुसरी मेबॅक पाहावी लागते. पतियाळाच्या महाराजा भूपिंदर सिंग यांच्याकडेही एक मेबॅक होती. १९३५ मध्ये ते जर्मनीत असताना हिटलरने ती भेट दिली, अशी हकीकत त्या घराण्यात सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात ती मोतीबाग राजवाड्याच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवली होती म्हणे. ब्रिटिशांच्या राज्यात हिटलरची गाडी फिरवणार कोण? स्वातंत्र्यानंतर ती घराण्याबाहेर गेली, मग देशाबाहेर, आणि आता ती परदेशी संग्राहकाकडे आहे.

फॉरवर्डमध्ये या दोन गोष्टी एकमेकींत मिसळायला वेळ लागत नाही. हिटलरच्या भेटीची कहाणी पतियाळाची आहे, कोल्हापूरची नाही.

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या आणि एकाच दशकातल्या. एक गेली, एक राहिली. घराण्याची इच्छा हे कारण आहेच. पण कोल्हापूरच्या गाडीला वर्षातून एक ठरलेलं काम होतं, हेही तितकंच खरं. दसऱ्याला जिच्यातून छत्रपती येतात ती गाडी विकायची कशी? गावाला कळलं असतं. शिवाय दरवर्षी दसरा जवळ आला की कुणाला तरी ती चालू करून बघावीच लागते. न चालवता ठेवलेल्या गाडीचं काय होतं, हे जुन्या गाड्यांच्या मेस्त्रींना विचारलं तर ते हात जोडतात.

गाडी ‘रिस्टोर’ करणं म्हणजे रंग मारणं नव्हे

त्या काळच्या हाताने बांधलेल्या बॉडीत पत्र्याच्या आत बहुतेक वेळा लाकडाचा सांगाडा असतो. बाहेरून पत्रा चकचकीत दिसतो आणि आत पावसाळी दमटपणाने लाकूड कुजलेलं किंवा वाळवीने पोखरलेलं असतं. मग पत्रा अलगद उतरवून, जुन्या लाकडाचं माप घेऊन नवा तुकडा बसवावा लागतो. नकाशा मिळत नाही, कारण प्रत्येक बॉडी वेगळी.

इंजिनात बेअरिंगच्या जागी अनेकदा व्हाइट मेटल नावाचा मऊ मिश्रधातू ओतलेला असतो. तो झिजला की दुकानातून नवं बेअरिंग आणून बसवता येत नाही, धातू वितळवून ओतावा लागतो आणि हाताने घासून बसवावा लागतो. वायरिंगवर कापडाचं वेष्टन असतं. टायरच्या मापाचा माल मागवून आणावा लागतो.

मेबॅकची खास अडचण तिच्या गिअरबॉक्समध्ये आहे. तिसाव्या दशकातल्या मेबॅकमध्ये स्टिअरिंगवरच्या छोट्या दांड्यांनी गिअर आधीच निवडता यायचा आणि इंजिनच्या हवेच्या ओढीने तो बदलायचा. त्या काळी ही चैन होती. आज त्यातली एक झडप गळू लागली, तर ती पुन्हा घडवून घ्यावी लागते.

इथे कोल्हापूर नशीबवान आहे. हे फाउंड्रीचं आणि लेथचं गाव आहे. बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीने सिनेमाचा कॅमेरा याच गावात हाताने बनवला होता. उद्यमनगरात पार्ट ‘मिळत नाही’ म्हटल्यावर ‘नमुना आणा, बनवून देतो’ म्हणणारी माणसं आजही सापडतात.

जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संस्थांचा महासंघ ‘फिवा’ याची ‘ट्यूरिन सनद’ सांगते की शक्य तितकं मूळ जपा आणि गरज असेल तेवढंच बदला. कारण सगळंच नवं बसवलं तर उरते ती जुन्या गाडीची प्रतिकृती. आपल्याकडे मात्र लग्नाच्या वरातीसाठी जुन्या गाडीत डिझेल इंजिन आणि एसी टाकल्याची उदाहरणं गावोगाव आहेत. गाडी चालते, इतिहास जातो.

नाशिकच्या वाड्यात अशी गाडी सापडली तर?

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. ५० वर्षांपेक्षा जुनी, धंद्यासाठी न वापरलेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी या वर्गात येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ अक्षरं येतात. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि तो ठेवावाच. जुना नंबर हाच अनेकदा मालकीचा सगळ्यात बोलका पुरावा असतो. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, देखभाल आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर.

म्हणून नाशिकच्या एखाद्या वाड्यात ताडपत्रीखाली आजोबांची मोटर सापडली, तर आधी गॅरेजवाल्याला बोलावू नका. चासी आणि इंजिनवरचे नंबर, बॉडी बांधणाऱ्याची छोटी पितळी पट्टी, जुनं आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या, लग्नातले फोटो हे आधी जमवा. रंग मारताना पहिली ती पट्टीच निघून जाते.

सध्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांची नवी काळजी पेट्रोलची आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला आणि बुचाच्या वॉशरना मानवत नाही, आणि ते ओलावा शोषून घेतं. वर्षातून थोडीच फिरणाऱ्या गाडीच्या टाकीत ते पडून राहिलं तर आतून गंज धरतो. त्यामुळे फेरी झाली की टाकी आणि कार्बुरेटर रिकामा करून ठेवणं हा अनेकांचा नेम झाला आहे.

मेबॅक कंपनीचं पुढे काय झालं? दुसऱ्या महायुद्धात तिची इंजिनं जर्मनीच्या टायगर रणगाड्यांत बसली. १९६० मध्ये डाइमलर-बेन्झने कंपनी घेतली, २००२ मध्ये मेबॅक नावाच्या गाड्या पुन्हा आणल्या, दहा वर्षांत त्या बंद केल्या आणि मग मर्सिडीजच्याच सर्वांत महागड्या गाड्यांवर हे नाव लावलं. त्यातली मेबॅक एस-क्लास आता पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात जोडली जाते. दसरा चौकापासून साधारण अडीचशे किलोमीटरवर.