काँगोला शाप कुणी दिला?

खनिजांनी भरलेले देश गरीब का राहतात, या प्रश्नाला अर्थतज्ज्ञांनी एक सोयीचे नाव देऊन ठेवले आहे: 'साधनसंपत्तीचा शाप'. आमचा आक्षेप या शब्दापासूनच सुरू होतो. शाप म्हटले की देणारा दिसत नाही आणि भोगणाऱ्याचेच काहीतरी चुकले असणार असे वाटू लागते. गरिबीचे कारण पूर्वजन्मीच्या कर्मात सांगणाऱ्या पोथ्या आमच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या आहेत. म्हणून शापाची भाषा आली की आम्ही आधी हिशेबाची वही मागतो.

काँगोची वही पाहू. १८८५ साली युरोपातील सत्तांनी काँगोवर बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याची मालकी मान्य केली. मालकी बेल्जियम देशाची नव्हे, राजाची खासगी! हा राजा काँगोत कधी गेलाही नाही. गावकऱ्यांनी जंगलातले रबर ठरलेल्या वजनाने आणून द्यायचे. कमी पडले तर बायकांना ओलीस धरायचे, चाबकाने फोडायचे, गावे जाळायची, हात तोडायचे. जगाला मात्र सांगितले जात होते की राजा आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढतो आहे.

ही लबाडी पकडली एका कारकुनाने. एडमंड मोरेल हा इंग्लंडमधल्या जहाज कंपनीत नोकरीला होता आणि कामानिमित्त अँटवर्प बंदरात जात असे. काँगोहून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंताने भरलेली असत. परतताना त्यांत विकायचा माल जवळजवळ नसे. असत ते सैनिक, बंदुका आणि काडतुसे. व्यापार असता तर रबराच्या मोबदल्यात काहीतरी तिकडे गेले असते. काहीच जात नव्हते, म्हणजे राबणाऱ्यांना मोबदलाच मिळत नव्हता. ही वेठबिगार आहे, हे त्याने जहाजांच्या कागदांवरून ओळखले आणि नोकरी सोडून तो या राजाच्या मागे लागला.

बोभाटा झाल्यावर १९०८ साली वसाहत राजाकडून बेल्जियम सरकारकडे गेली. पुढे रबराची जागा कटांगा प्रांतातल्या तांब्याने घेतली. ते युनियन मिनिएर या कंपनीच्या हातात होते. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बसाठीचे बरेचसे युरेनियमही याच प्रांतातल्या शिंकोलोब्वे खाणीतले. एवढी संपत्ती देणारा देश ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला तेव्हा तिथे काँगोली पदवीधर तीसही नव्हते आणि सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता. खाणीला मजूर हवे होते, अभियंते नकोत. (शिकू न देता राबवून घेणे म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.) अकराव्या दिवशी बेल्जियमच्या पाठबळावर कटांगा फुटून निघाला. निवडून आलेले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना १७ जानेवारी १९६१ रोजी तिथेच गोळ्या घातल्या गेल्या. बेल्जियन अधिकारी तेव्हा हजर होते. मृतदेह आम्लात विरघळवला. उरलेला एक दात बेल्जियमने २०२२ साली कुटुंबाला परत केला.

इथपर्यंत आपले डावे मित्रही मान डोलावतील. खरी अडचण पुढेच आहे.

१९६५ साली लष्करप्रमुख मोबुटूने अमेरिकेच्या आशीर्वादाने सत्ता बळकावली आणि लवकरच युनियन मिनिएरच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण केले. म्हणजे तांबे देशाचे झाले. पण देश एका माणसाचा, एका पक्षाचा झाला होता. त्याने आपल्या गावी, ग्बाडोलिटेला, राजवाडा बांधला आणि कॉन्कॉर्ड विमान उतरेल एवढी धावपट्टी केली. १९९७ पर्यंत हे चालले. आज जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी ७० टक्क्यांच्या आसपास काँगोतून येते आणि कोल्वेझीच्या परिसरात माणसे ते अजूनही हातांनी उकरतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली, हे आपण नेहमी सांगतो. त्यांनी घातलेल्या अटी मात्र क्वचित सांगतो. ही मालकी घटनेतच लिहिलेली असावी, बदलत्या बहुमताच्या मर्जीवर नसावी आणि संसदीय लोकशाहीला हात न लावता यावी, हुकूमशाहीने नव्हे. मोबुटूने राज्याची मालकी आणली, अट मोडली.

अट पाळली तर काय होते? बोत्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा अत्यंत गरीब होता, पदवीधर तिथेही मूठभर होते. १९६७ साली ओरापाला हिरे सापडले. राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी खनिजांचे हक्क जमातींकडून राज्याकडे आणले, त्यात त्यांची स्वतःची जमातही होती. डी बिअर्स कंपनीबरोबरच्या करारात सरकारचा वाटा सुरुवातीला १५ टक्के होता, तो १९७५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेला. निवडणुका थांबल्या नाहीत. पैसा शाळांत, दवाखान्यांत, रस्त्यांत गेला. शाप तिथे पोहोचलाच नाही म्हणायचा!

पण बोत्स्वानाची आरती ओवाळणाऱ्यांनी सान लोकांकडेही पाहावे. हे तिथले सर्वांत जुने रहिवासी आणि समाजव्यवस्थेत सर्वांत खालचे. मध्य कलहारी अभयारण्यातून सरकारने त्यांना १९९७ आणि २००२ साली हुसकावले. याचा हिऱ्यांशी संबंध नाही, असे सरकार म्हणत राहिले. २००६ साली उच्च न्यायालयाने ही हकालपट्टी बेकायदा ठरवली. २०१४ साली त्याच अभयारण्यात हिऱ्यांची खाण सुरू झाली.