सुधारकाच्या मागे हरवलेला कथाकार

हमीद दलवाई यांचं नाव निघालं की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात. एका गटाला ते समाजाचे वैरी वाटतात, तर दुसऱ्याला मुसलमानांना चार गोष्टी सुनावण्यासाठी ते सोयीचे वाटतात. या दोन्ही गटांतल्या फारच थोड्यांनी त्यांची एखादी कथा वाचलेली असते.

दलवाई आधी कथाकार होते. २९ सप्टेंबर १९३२ रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळीत त्यांचा जन्म झाला. ‘लाट’ हा कथासंग्रह १९६१ साली आला आणि ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ साली. तलाकपीडित महिलांचा प्रश्न घेऊन सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईच्या विधानभवनावर नेला, तो त्यानंतर, १८ एप्रिल १९६६ला. पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं ते २२ मार्च १९७०ला. महात्मा फुल्यांनी १८७३ साली याच शहरात सत्यशोधक समाज उभारला होता, त्याचंच हे नाव.

मराठी साहित्यात तोवर मुसलमान बहुतेक वेळा बाहेरून दिसायचा. ऐतिहासिक कादंबरीत तो खलनायक असायचा, इतरत्र अत्तरवाला किंवा टांगेवाला. त्याच्या घराचा उंबरठा ओलांडून आत जाणारे लेखक मोजकेच. दलवाई मुळात त्या घरातलेच. कोकणी मुसलमानाचं घर, त्यातली भाऊबंदकी, जमिनीचे वाद, बेकारी, बायकांची घुसमट हे सगळं त्यांनी लिहिलं. ‘इंधन’मध्ये एक आजारी माणूस बऱ्याच वर्षांनी गावी परततो. जुनी वैरं आणि धर्म-जातींतले ताण यांमुळे गाव पेटायला कसं तयार होतं, हे तो पाहतो. यात कुठलाच समाज निव्वळ निष्पाप नाही आणि निव्वळ दोषीही नाही. ‘इंधन’ इंग्रजीत नेणारे कवी दिलीप चित्रे पुढे पुण्यातच राहिले.

३ मे १९७७ रोजी, वयाच्या अवघ्या ४४व्या वर्षी, किडनीच्या आजाराने दलवाई गेले. धार्मिक विधी न करता दहन व्हावं, ही इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. त्यामुळे समाज आणखी दुरावला. मूळच्या पुण्याच्या मेहरुन्निसा दलवाई यांनी मंडळाचं काम पुढे नेलं, ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन लिहिलं आणि २०१७ साली पुण्यातच त्यांचं निधन झालं. कथा मात्र मागे पडल्या. ‘जमीला जावद आणि इतर कथा’ हे पुस्तक साधना प्रकाशनाने काढलं, तेव्हा लेखकाला जाऊन जवळपास चाळीस वर्षं झाली होती.

त्यांच्या राजकीय मतांशी माझे मतभेद आहेत. धर्माबद्दल त्यांनी मांडलेलं सगळं मला पटत नाही. पण मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला आज आपल्या घरातली गोष्ट सांगताना परवानगी मागावी लागत नाही. ही वाट रुळवणाऱ्यांत दलवाई आहेत. हे ऋण नाकारणं म्हणजे स्वतःचाच इतिहास पुसणं.

मतभेद जरूर ठेवा. पण त्याआधी एकदा ‘लाट’ वाचा.